बागेतल्या दोन समाध्या

पुण्याचा आगाखान पॅलेस बाहेरून पाहिला, तर इथे कधी तुरुंग होता यावर विश्वास बसत नाही. नगर रस्त्यालगत उंच झाडे, ऐसपैस हिरवळ, कमानींचे लांब व्हरांडे. तिसरे आगाखान, सुलतान मोहम्मद शहा यांनी तो १८९२ मध्ये बांधला. दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावे, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

पन्नास वर्षांनी याच घराभोवती काटेरी तारा लागल्या. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत अटक करून गांधीजी, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन यांना इथे आणले. त्या संध्याकाळी शिवाजी पार्कच्या सभेत गांधीजींऐवजी कस्तुरबा बोलणार होत्या. त्यांनाही पकडले आणि पुढे इथेच ठेवले. सरोजिनीबाई म्हणजे १९३० साली धारासणाच्या मिठागरावर सत्याग्रहींचे नेतृत्व करणाऱ्या. आपण खारीची मुले, मिठागरे पाहतच मोठे झालो. आपल्याला मिठाचे मोल वेगळे सांगायला नको.

मित्रमैत्रिणींनो, ‘चले जाव’ची कारणे आणि परिणाम आपण सगळ्यांनी मुद्देसूद लिहून गुण मिळवले आहेत. मी पुढे इंजिनिअरिंगला गेले आणि इतिहास तिथेच सुटला. मागच्या सुट्टीत मुलांना घेऊन पॅलेस पाहायला गेले, तेव्हा तो पुन्हा भेटला. हिरवळीवर मनसोक्त धावून झाल्यावर धाकट्याने विचारले, “आई, जेलला एवढी मोठी बाग कशाला?”

गंमत म्हणजे खुद्द कैद्यालाही हे खटकत होते. मार्च १९४४ मध्ये गांधीजींनी सरकारला लिहिले की, एवढी मोठी जागा आणि एवढा पहारा म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी आहे. मला कोणताही साधा तुरुंग चालेल. हे मुलाला सांगितले, तर तो म्हणाला, “म्हणजे बाग आवडली नाही त्यांना?” मी काही न बोलता दोघांना बागेच्या टोकाला, समाध्यांपाशी नेले.

पहिली समाधी महादेवभाईंची. पकडल्यापासून आठवडाही झाला नव्हता, तोच १५ ऑगस्ट १९४२ ला हृदयविकाराने ते गेले. वय पन्नास, त्यांचा जन्मही १८९२ चाच, पॅलेसच्या वयाचे. अंत्यसंस्कार याच आवारात झाले. नंतर गांधीजी रोज फिरायला निघाले की इथे फुले वाहत. शेजारची समाधी कस्तुरबांची. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीच्या दिवशी त्या गेल्या. गांधीजींनी कातलेल्या सुताची साडी नेसवून त्यांना निरोप दिला. ६ मे १९४४ ला गांधीजी सुटले, पण ही दोन माणसे मागेच राहिली.

थोरलीने पाटीवरची तारीख वाचली आणि म्हणाली, “आई, हा तर झेंडावंदनाचा दिवस!”

खरेच की. दहा वर्षे आपण १५ ऑगस्टला पांढऱ्या गणवेशात मैदानात उभे राहिलो. बरोबर पाच वर्षे आधी, त्याच तारखेला, एक माणूस कैदेत गेला होता. सर, बाई, पुढच्या झेंडावंदनाला मुलांना एवढे जरूर सांगा. आणि आपल्या बॅचची पुढची सहल पुण्याला निघाली, तर मुलांनाही बरोबर घेऊ. आधी हिरवळीवर खेळू द्या, मग समाध्यांपाशी न्या. प्रश्न ती आपणच विचारतात.