आश्रित नव्हे, पाहुणे : मिलानचे ‘कासा व्हेर्दी’

१/ वृद्धाश्रम बांधून तयार, तरी दार मात्र बंद. इटालियन संगीतकार जुझेप्पे व्हेर्दी यांनी उतारवयात स्वखर्चाने मिलान शहरात हे घर उभारले, ते वार्धक्यात निर्धन झालेल्या गायक-वादकांसाठी. वास्तुरचना कामिल्लो बोइतो यांची. बांधकाम १८९९ मध्ये पूर्ण झाले.

२/ मग दार बंद का? आपल्या हयातीत कोणी आभार मानायला येऊ नये, ही व्हेर्दींची इच्छा. जानेवारी १९०१ मध्ये ते निवर्तले. १० ऑक्टोबर १९०२ रोजी पहिले रहिवासी आले.

३/ पुढे अनेक दशके त्यांच्या ऑपेरांच्या स्वामित्वधनावर हे घर चालले. तेथील वृद्धांना आजही ‘पाहुणे’ म्हणतात. व्हेर्दी व पत्नी जुझेप्पीना यांची समाधी त्याच वास्तूत आहे. दात्याने आभार टाळले, म्हणून घेणाऱ्यांची मान ताठ राहिली.