रे मार्केट ते महात्मा फुले मंडई

नागपूरकरांना कॉटन मार्केटमधील भाजी बाजाराच्या संदर्भात महात्मा फुले हे नाव परिचित आहे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट आणि पुण्याची मंडई यांनाही तेच नाव लाभले. त्यांत पुण्याची कथा निराळी आहे. तेथील इमारतीवर होणाऱ्या खर्चालाच खुद्द फुले यांचा विरोध होता.

एकोणिसाव्या शतकात पुण्याची भाजी शनिवारवाड्यासमोरील पटांगणात उघड्यावर विकली जात असे. हा बाजार छताखाली आणण्यासाठी नगरपालिकेने शुक्रवार पेठेत इमारत उभारण्याचे ठरविले. खर्च सुमारे ३ लाख रुपये, म्हणजे त्या काळी प्रचंडच. १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या फुले यांचे म्हणणे होते की, हा पैसा शिक्षणासाठी वापरावा. ते मानले गेले नाही. १८८६ मध्ये इमारत खुली झाली आणि तिला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले.

आराखडा लष्करी अभियंते वॉल्टर ड्युकॅट यांचा, तर बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांचे. मधोमध सुमारे ८० फूट उंचीचा अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती चाकाच्या आऱ्यांप्रमाणे फाकलेल्या लांब भुजा, अशी तिची रचना आहे. टोकदार कमानी व निमुळते शिखर ही गॉथिक शैलीची लक्षणे. दुरून पाहणाऱ्यास ते चर्च वाटावे! आतील योजना मात्र पूर्णपणे बाजाराच्या सोयीची आहे. मध्यभागी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकास चारही दिशांचे गाळे दिसतात. दोन भुजांमधील मोकळ्या जागेतून उजेड व वारा आत येतो. भाजीपाला टिकण्यासाठी तो आवश्यकच. उतरत्या छपरांमुळे पावसाचे पाणी साचत नाही. विक्रेते उंच ओट्यांवर बसतात, त्यामुळे मालाला जमिनीची ओल लागत नाही.

मंडईच्या आवारातील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झाले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे यांचे नाव जाऊन फुले यांचे नाव आले. फुले यांचा जुना विरोध अत्रे यांना ठाऊक नसेल, असे वाटत नाही. त्यांनीच १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ हा चित्रपट काढला.