बुळकांडी कोणी घालवली?

आपल्या बचत गटांतल्या आजींना ‘बुळकांडी’ म्हटलं की लगेच कळतं, सुनांना मात्र समजावून सांगावं लागतं. गुरांचा हा रोग. आधी ताप, डोळ्यांतून पाणी, तोंडात जखमा, मग पाण्यासारखी हगवण आणि थोड्याच दिवसांत गोठा रिकामा. बैल गेला की नांगर थांबायचा, म्हैस गेली की दूध. सावकाराचं कर्ज तेवढं उरायचं.

सुनांना हा शब्द ठाऊक नाही, कारण रोगच उरलेला नाही. २०११ साली बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. देवीच्या रोगानंतर असा मुळापासून गेलेला हा दुसराच रोग.

हे आज सांगायचं कारण असं, की आमच्या गटातल्या एका ताईंची लेक जनावरांची डॉक्टर झाली आणि आता तिला पीएचडी करायचीय. घरचे म्हणतात, “डॉक्टर झालीस ना? मग दवाखाना टाक. पुन्हा डॉक्टर कशाला व्हायचं?” प्रश्न पैशाचा आहे, वयाचा आहे, लग्नाचाही आहे. त्याला हसून चालणार नाही. बारावीनंतर नीट, मग इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं पदवीची, दोन वर्षं एमव्हीएससीची आणि पीएचडीची किमान तीन. अमेरिकेत काही विद्यापीठांत दोन्ही पदव्या एकाच अभ्यासक्रमात जोडून करता येतात. आपल्याकडे पायरी-पायरीनंच चढावं लागतं.

आता परळला चला. तिथलं ‘बैलघोडा हॉस्पिटल’ तुम्ही ऐकलं असेल. सर दिनशॉ पेटिट यांच्या पत्नी सकरबाई यांचं नाव त्याला आहे. (बाईचं नाव कागदावर आणि लोकांच्या तोंडी बैल-घोडा, असं आपल्याकडे होतंच.) तिथेच १८८६ साली मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. जखमा बांधणं, औषध देणं, शस्त्रक्रिया करणं तिथे शिकवत. पण बुळकांडीवर औषधच नव्हतं. उत्तम डॉक्टर गोठ्यात उभा असला तरी जनावर मरायचं.

म्हणून १८८९ साली पुण्यात गुरांच्या रोगांवर संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. असे जंतू भर वस्तीत ठेवणं धोक्याचं, म्हणून ती १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. तिचीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. १९२० च्या दशकात तिथले संचालक होते जे. टी. एडवर्ड्स. पशुवैद्यक होतेच, शिवाय डीएससी ही संशोधनाची पदवीही त्यांच्याकडे होती. त्यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, तिच्यातून तिसरीत असा पुन्हा पुन्हा नेला. होता होता तो गुरांसाठी सौम्य झाला आणि त्याचीच लस झाली. गाईबैलांना वाचवणारी लस शेळीच्या अंगातून आली, हे मला फार आवडतं.

१९५४ मध्ये देशभर लसीकरणाची मोहीम निघाली. गावोगाव फिरून टोचणारे डॉक्टर आणि कर्मचारी नसते तर लस मुक्तेश्वरातच राहिली असती, हेही खरं. पण ही लस संकरित गाईंना सोसत नव्हती. तेव्हा कामी आली केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवून केलेली लस. तेही पशुवैद्यक आणि संशोधनात डॉक्टरेट मिळवलेले. १९९९ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्या देशात १९९५ नंतर बुळकांडीची साथ आली नाही.

मग त्या मुलीनं शिकायचं काय उरलं? आपल्या शेळ्या बघा. त्यांना होणाऱ्या पीपीआरलाही आपल्याकडे बुळकांडीच म्हणतात. लक्षणं तशीच, विषाणू त्याच कुळातला, पण रोग वेगळा. भारतात तो वेगळा म्हणून ओळखला गेला तो थेट १९८७ साली, तमिळनाडूत. नुसत्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, तो प्रयोगशाळेत सिद्ध करावा लागतो. पुढे मुक्तेश्वरातच त्यावरची लस तयार झाली.

गोठ्यात हात घातलेला माणूस प्रयोगशाळेत बसला, की त्याला नेमकं काय शोधायचं ते कळतं. म्हणून मला विचाराल तर त्या लेकीला शिकू द्यावं. शिष्यवृत्तीची चौकशी आधी करावी आणि घरच्यांना वर्षांचा हिशेब कागदावर मांडून दाखवावा. तिनं दवाखाना टाकला तरी वाईट नाही, तालुक्याला डॉक्टर हवेच आहेत.

पीपीआर २०३० पर्यंत जगातून घालवायचा, असं उद्दिष्ट ठरलंय. लशीचा एक डोस शेळीला निदान तीन वर्षं पुरतो. गटाच्या कर्जातून शेळी घेताना दात आणि कास बघता, तशी लस कधी टोचली तेही विचारा आणि तारीख वहीत लिहून ठेवा.