कांद्याच्या एका गोणीमागे किती नोकऱ्या?

आजचा भाग लासलगावचा आहे, पण लिलाव आणि भाव यांची चर्चा आज बाजूला ठेवूया. आज बोलायचंय इथल्या ‘कृषक’ केंद्राबद्दल, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्राबद्दल. २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने ते इथे उभं केलं. अणुशक्तीचं काम थेट कांद्याच्या गावात आलं ते असं.

काम काय? उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्‌महिने राहतो आणि त्याला कोंब फुटतात. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर मोजून सोडले, की कोंबाच्या पेशींची वाढ थांबते. कांदा किरणोत्सारी होत नाही, कारण कोबाल्ट त्याला शिवतही नाही. मात्र सड यातून थांबत नाही, त्यासाठी चाळ कोरडी आणि हवेशीरच लागते. पुढे २००७ मध्ये याच केंद्रातून किरण दिलेला आंबा अमेरिकेला गेला. तिथला दरवाजा तब्बल १८ वर्षांनी उघडला होता.

आता या गोणीचा माग उलटा काढा. कोबाल्ट तयार होतो अणुभट्टीत, म्हणजे तिथे अभियंता आणि ऑपरेटर आला. मात्रा किती द्यायची हे ठरवायला जीवशास्त्रज्ञ आला, ती मोजायला भौतिकशास्त्रज्ञ. गोण्या फिरवणारी यंत्रणा चालती ठेवायला फिटर, इलेक्ट्रिशियन आले. आणि सगळ्यांवर लक्ष ठेवायला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी.

ही माणसं आली कुठून? होमी भाभांनी १९४४ सालीच टाटा ट्रस्टला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं, की अणुवीज येईल तेव्हा तज्ज्ञ परदेशात शोधावे लागू नयेत. ते हाताशी असायचे तर घडवावे लागणार. म्हणून १९५७ मध्ये तुर्भ्याला प्रशिक्षण शाळा सुरू झाली. पदवीधर निवडायचे, विद्यावेतन देऊन वर्षभर शिकवायचे आणि मग कामाला लावायचे. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून मेकॅनिकल इंजिनिअर झालेले अनिल काकोडकर १९६३ साली याच शाळेत गेले. लासलगावचं केंद्र सुरू झालं तेव्हा ते अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते!

ती वाट आजही आहे. इंजिनिअरिंगची पदवी किंवा विज्ञानाची पदव्युत्तर पदवी असेल, तर गेटच्या गुणांवर किंवा केंद्राच्या परीक्षेतून मुलाखतीपर्यंत जाता येतं. पण फक्त तेवढीच वाट नाही. डिप्लोमा किंवा बीएस्सीवाल्यांसाठी, तसंच आयटीआय किंवा बारावी विज्ञानवाल्यांसाठी प्रशिक्षणार्थी भरती वेगळी निघते. तिथेही शिकताना विद्यावेतन मिळतं. जाहिरात केंद्राच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येते. मधल्या कुणी ‘लावून देतो’ म्हणत पैसे मागितले, तर सरळ पाठ फिरवा.

निफाड तालुक्यातल्या आयटीआयच्या पोरांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. आपल्याकडे शास्त्रज्ञ म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरा कोट येतो आणि ‘ते आपलं काम नाही’ म्हणून विषय मिटतो. पण प्रयोगशाळा नुसत्या पांढऱ्या कोटांवर चालत नाही. वाल्व्ह बसवणारा आणि वायरिंग तपासणारा हात तिथे रोज लागतो. तो हात कांद्याच्या शेतातून आलेला असला, तर बिघडलं कुठे?

तुमच्या घरात यंदा कुणी बारावी, आयटीआय किंवा डिप्लोमा करत असेल, तर हा भाग त्यांच्यापर्यंत पोचवा. भेटूया पुढच्या भागात!