न सापडलेली वही

दोन उत्तरपत्रिका शब्दशः जुळल्या, की आम्ही शिक्षक विचारतो : एकाने दुसऱ्याचे पाहिले, की दोघांनी तिसऱ्याचे? मत्ती आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत मार्कमध्ये नसलेली सुमारे २३० वचने जुळतात. कुठे कुठे ग्रीक शब्दही तेच. १८३८ साली जर्मन अभ्यासक वाइसे यांनी त्यामागे हजरत ईसांच्या वचनांचा हरवलेला संग्रह मानला. पुढे त्याला 'क्यू' म्हटले गेले. जर्मन 'क्वेले' म्हणजे झरा. त्याचे पान एकही मिळालेले नाही. १९४५ साली इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ थॉमसचे ११४ वचनांचे कॉप्टिक पुस्तक सापडले. असे संग्रह असत, एवढेच त्यावरून कळले. आपल्यातले काहीजण मात्र क्यूलाच मूळ इंजील ठरवून मोकळे होतात. लूकने मत्तीचेच पाहिले असेल तर तिसरी वही हवीच कशाला, हा ऑस्टिन फॅरर यांचा १९५५ चा मुद्दा त्यांच्या कानी गेलेला नसतो.