स्फटिककल्प मिश्रधातूंतील रंध्रे
स्फटिककल्प मिश्रधातूंतील रंध्रे : अणूंची मांडणी सुव्यवस्थित असूनही जिच्यात ठराविक अंतराने पुनरावृत्ती होत नाही, अशा घन पदार्थांस स्फटिककल्प अथवा क्वासिक्रिस्टल म्हणतात. त्यांच्या वाढीच्या काळात आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. या पोकळ्या वाढीतील दोष की रचनेचेच अंग, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा होता.

डॅन शेख्टमन यांना ८ एप्रिल १९८२ रोजी अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत ॲल्युमिनियम-मँगॅनीज मिश्रधातूच्या विवर्तनचित्रात दशगुणी सममिती आढळली. हा शोध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८५ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये के. चट्टोपाध्याय, एस. रंगनाथन व त्यांचे सहकारी यांनी, तर बनारस हिंदू विद्यापीठात पी. रामचंद्रराव व जी. व्ही. एस. शास्त्री यांनी या क्षेत्रात महत्त्वाचे संशोधन केले. तथापि आरंभीचे नमुने वितळलेला धातू अतिशीघ्र निववून केलेल्या पातळ फिती होत्या. त्यांतील कण फार लहान असल्याने रंध्रांची चर्चा फारशी झाली नाही. लायनस पॉलिंग तर हे जुळ्या स्फटिकांचे समूह होत, असेच अखेरपर्यंत म्हणत राहिले. त्यांस उत्तर देण्यासाठी मोठे व निर्दोष नमुने हवे होते.

जपानमधील तोहोकू विद्यापीठात आन-पांग त्साय व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ॲल्युमिनियम-तांबे-लोह आणि १९९० मध्ये ॲल्युमिनियम-पॅलॅडियम-मँगॅनीज या स्थिर मिश्रधातू तयार केल्या. आता नमुने सावकाश, सेंटिमीटरभर आकाराचे वाढविता येऊ लागले. पण या सुबक नमुन्यांतच रंध्रे दिसली.

घनीभवनात पोकळी कशी उरते याचे परिचित उदाहरण बर्फाच्या लादीत सापडते. कफ परेडच्या मच्छीमार नगरातील कोळ्यांना लादीचा पांढुरका गाभा ठाऊक असतो. पाणी डब्याच्या भिंतींकडून आत गोठत जाते. विरघळलेली हवा बर्फात सामावत नाही, ती पुढे ढकलली जाऊन अखेर मध्यभागी बुडबुड्यांच्या रूपाने अडकते. धातूंत वायूखेरीज आणखी एक कारण असते : बहुतेक धातू गोठताना आकुंचन पावतात (पाणी येथे अपवाद) आणि द्रव जेथे पोहोचत नाही तेथे पोकळी राहते.

परंतु ॲल्युमिनियम-पॅलॅडियम-मँगॅनीजमधील अनेक रंध्रे गोल नव्हती. त्यांच्या भिंती सपाट असून त्या विंशतिफलकी सममितीच्या दिशांना अनुसरत होत्या. जणू स्फटिकाचा साचाच. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ग्रनॉबल येथील सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी नमुना न फोडता आतील रंध्रे पाहता आली. पुढे तापविलेल्या नमुन्यांतील रंध्रांचे बदलही प्रत्यक्ष टिपले गेले. उच्च तापमानात अणूंच्या ज्या जागा रिकाम्या असतात त्या थंड होताना एकत्र येऊन रंध्रे बनतात, असे एक मत पुढे आले. यूलिख येथील संशोधकांनीही नमुन्यांत अशा रिक्त जागांचे प्रमाण अतिरिक्त असल्याचा पुरावा दिला. प्रस्तुत लेखकास आकुंचन आणि रिक्त जागा हे पर्याय परस्परविरोधी वाटत नाहीत; वादात त्यांची विभागणी नको इतकी ताठर झाली.

२०२५ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी वेगळीच बाजू दाखविली. वाढीच्या वाटेत रंध्र आल्यास सामान्य स्फटिकात त्याच्या पाठीमागे दोष उरण्याचा संभव असतो. ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचा स्फटिककल्प मात्र रंध्राला वळसा घालून पुन्हा जुळला. अणूंच्या स्थानिक फेरमांडणीने तेथील विसंगती सामावून घेतली.