पाणीपट्टी ठरविण्याचा अधिकार : मुंबई ते शांतीनगर

पाण्यासाठी नगरसंस्थेला पैसे द्यावेत, ही कल्पना मुंबई परिसरात फार जुनी नाही. विहार तलावापूर्वी मुंबईकर विहिरी आणि तलावांवर अवलंबून असत. त्यांतील कित्येक दात्यांनी धर्मकृत्य म्हणून बांधविलेले होते. इ. स. १८५६ मध्ये आरंभिलेले विहारचे काम १८६० मध्ये पुरे झाले आणि नळाचे पाणी शहरात आले. दानाने मिळणारे पाणी आता कराने मिळू लागले. त्याबरोबरच हा कर कोणी ठरवावा, हा प्रश्नही उपस्थित झाला.

१८६५ च्या कायद्याने मुंबईचा सर्व कारभार एका आयुक्ताच्या हाती दिला. त्यावर देखरेख करणारे ‘जस्टिस ऑफ दि पीस’ सरकारनियुक्त होते. आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचे आरोग्य सुधारले हे निर्विवाद. तथापि खर्च व कर दोन्ही वाढले. १८७१ मध्ये करदात्यांचा असंतोष उफाळला. त्या वेळी फिरोजशहा मेहता यांनी मांडलेला विचार विशेष मननीय आहे. दोष कार्यक्षम आयुक्ताचा नसून, त्याला जाब विचारणारी सभा करदात्यांनी निवडलेली नाही हा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका स्थापन झाली व त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडावेत असे ठरले.

ही परंपरा पुढे १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात उतरली. स्थायी समितीने प्रस्ताव मांडावेत आणि त्यांवर विचार करून महानगरपालिकेने २० फेब्रुवारीपर्यंत पुढील वर्षाच्या करांचे दर निश्चित करावेत, असा त्याचा दंडक आहे.

मीरा-भाईंदरला १९८५ मध्ये नगरपरिषद व २००२ मध्ये महानगरपालिका मिळाली. मीरा रोड पूर्वेची शांतीनगर ही याच काळात वाढलेली इमारतींची वसाहत. खाडी आणि मिठागरांच्या या प्रदेशात विहारसारखा स्वतःचा जलाशय नाही. उल्हास नदीचे पाणी पुरविणारी ‘स्टेम’ ही संस्था आणि औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून पाणी विकत घ्यावे लागले. त्यामुळे दराचा एक भाग सभागृहाबाहेरच ठरतो. उरतो तो प्रश्न वाटणीचा : वाढीव भार पाणीपट्टीवर किती, मलप्रवाह करावर किती, निवासी ग्राहकावर किती आणि व्यापाऱ्यावर किती? गृहनिर्माण संस्थेच्या देयकातून तो अखेर प्रत्येक सदनिकेपर्यंत पोचतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. या काळात प्रस्ताव मांडणारा व मंजूर करणारा अधिकारी एकच राहिला. १८६५ च्या व्यवस्थेशी याचे साम्य उघड आहे. दरवाढ कधी अपरिहार्य असते. पाणी आणावयाचे तर खर्च येणारच. परंतु अपरिहार्य दरवाढीचेही कारण करदात्याच्या प्रतिनिधीसमोर सांगावे लागणे, हेच १८७२ चे खरे संपादन होय.